सुटे नसतील तर

कमाटीबागेच्या मागच्या फाटकातून
सहाला मी आत शिरतो आणि वाटायला लागतो.
पहिलं हसू वॉचमनला. तो जांभई देतो.
दुसरं कानटोपीतल्या त्या उंच गृहस्थांना,
जे गेलं सव्वा वर्ष रोज समोरून येतात
आणि माझ्या आरपार
फुलांच्या घड्याळात किती वाजले ते बघतात.
तिसरं कुणाला, ते ठरलेलं नसतं.
पळणाऱ्या पोरांच्या कानांत बोंडं.
बायकांकडे बघून हसायचं तर लांबून, बेतानं,
नाहीतर म्हणतील म्हातारा चळला.

हंसा म्हणते, नाव माझं हंसा
आणि दात काढत फिरता तुम्ही.
ढुंकून तरी बघतं का कुणी?

नाही बघत.

मग?

मग काय. सुटे नसतील त्यांच्याकडे.

एकतीस वर्षं एस.टी.त काढली,
बडोदा, पादरा, जंबुसर.
सुट्ट्यांचं मला कुणी शिकवू नये.
पाच रुपयांच्या तिकिटाला शंभराची नोट काढणारा
काही चोर नसतो,
आणि गल्ल्यात चिल्लर नसलेला कंडक्टरही नसतो.
तिकिटाच्या पाठीवर आकडा लिहायचा,
भोवती गोल करायचा,
"उतरती वखते लई लेजो, काका."
निम्मे विसरून उतरून जायचे.

एका पौषात पहाटेच्या पहिल्या गाडीला
दाराची काच नव्हती.
मासर रोडला गाडी मागे घेताना
शिट्टी ओठांत धरली, फुंकली,
तर वारा भलत्याच बाजूनं निघून गेला.
उजवा अर्धा चेहरा त्या दिवसापासून रजेवर.
चहा कोपऱ्यातून गळे. डोळा मिटेना.
सयाजी हॉस्पिटलातली हेतल नावाची पोरगी सांगे,
काका, गाल फुगवा. भुवई उचला. आता हसा.
मी सगळा जोर लावून हसायचो
आणि आरशातला माणूस
उधारी मागायला आल्यासारखा बघत राहायचा.

महिन्याभरानं तसाच ड्यूटीवर गेलो.
डभासाला एक बाई चढली, कडेवर मुलगी,
तिनं मला आपले चारही दात दाखवले.
थांबली.
वाट बघितली.
मग आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.
मागून कुणीतरी म्हणालं, कंडक्टर बहु अकडू छे.

मी हसत होतो, आईशपथ.
आत हसत होतो, भरपूर.
बाहेर येत नव्हतं इतकंच.
त्या पोरीचं माझ्याकडे राहिलंय.
आता ती कॉलेजात असेल,
कुठल्या गाडीनं जाते कोण जाणे.

चेहरा आला परत, बराचसा.
कानटोपीवाल्यांचंही तसंच काही असेल
असं मी म्हणत नाही.
त्यांची दाढ दुखत असेल.
मुलाचा फोन आला नसेल.
किंवा असेल नुसता तुसडेपणा,
किंवा मी आवडतच नसेन त्यांना;
तोही हक्क असतो माणसाला,
आणि पहाटे सहाला तर जास्तच.
आज त्यांनी घड्याळाकडेही बघितलं नाही,
बुटाची नाडी बघितली.
मी हसलो, आणि वाट सोडली,
कारण तिथं चिखल होता
आणि त्यांचे बूट नवे दिसले.

तसं मलाही लागतं कधीकधी.
खोटं कशाला बोलू.
एखाद्या दिवशी लागोपाठ सात-आठ जण कोरे जातात,
मग बाकावर बसून मी
पिशवीतली किल्ली उगाच शोधतो.
पण पाठीवर आकडा लिहीत नाही कुणाच्या.

साडेसातला बाहेर पडताना
वॉचमन कुणाच्यातरी स्कूटरची पावती फाडत असतो.
मान वर करत नाही.
मी हसतो.
आधी डावी बाजू.
उजवी मागून येते, सावकाश,
जंबुसरहून शेवटची गाडी यायची तशी,
एकाच दिव्यावर.